ठुमकीची पिसं

आमचे मामंजी एकाहत्तर सालच्या भाद्रपदात वारले. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. तीन वर्षं थांबायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून पुढच्या माघात, बाहत्तर साल नुकतं लागलेलं असताना, माझं लग्न झालं आणि मी पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वाडीत नांदायला आले.

लग्न सासरच्या दारात लागलं. तिकडचं वऱ्हाड म्हणजे सात माणसं आणि एक मेंढा. बाकी सगळी वाडी उसाला गेलेली. मेंढा मांडवाच्या तोंडाशी उभा होता आणि माझ्या मामाला आत येऊ देत नव्हता. मामा डावीकडून आला की तो डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे.

माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पाव्हनं, टोपी काढा. त्याला टोपी चालत न्हाई."

"लग्नात बोडक्यानं उभा ऱ्हाऊ व्हय?"

"मग भाईर उभं ऱ्हावा. आक्षता तिकडं आनून देते."

मामा बोडक्या डोक्यानं माझ्या पाठीशी उभा राहिला आणि लग्न लागलं. मेंढ्याचं नाव फौजदार. त्याला फेटा चाले, पागोटं चाले, डोक्यावरचा पदर चाले. टोपी तेवढी चालत नसे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

फौजदार आमचा नव्हता. त्या घरातलं एकही जनावर आमचं नव्हतं, हे मला चार दिवसांनी कळलं.

आमच्या वाडीची तऱ्हा अशी होती. दिवाळी झाली की माणसं बैलगाड्या जुंपून उसाच्या फडावर जायची, ती अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतायची. बैल बरोबर जात. शेळ्या कुणी बरोबर नेई, कुणी पाहुण्यांकडे ठेवी. पण काही जनावरं अशी असतात की ती गाडीत बसत नाहीत, बाजारात विकत नाहीत आणि टाकूनही देववत नाहीत. ती सगळी आमच्या घरी यायची. मामंजी वाडीचे राखणदार होते. कुलपांच्या किल्ल्या आमच्या खुंटीला आणि ही जनावरं आमच्या अंगणात. मामंजी गेल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो भार तसाच पुढे चालवला. अखितीला माणसं परतली की त्या एकेकाला बोलावून त्याचं जनावर त्याच्या पुढ्यात उभं करत आणि म्हणत, "घे तुझं. बघून घे. मागनं बोलू नगं." मामंजींच्या हयातीत आणि नंतरही त्या घरात ठेवलेलं जनावर माघारी मिळालं नाही असं झालं नव्हतं. आत्याबाईंना दुसरा कसलाच गर्व नव्हता. तेवढा एक होता.

नांदायला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी भिंतीतल्या देवळीतलं मामंजींचं पागोटं झटकायला म्हणून उचललं, तर ते पागोटंच माझ्यावर फिसकारलं. मी अशी किंचाळले की आमचे मालक गोठ्यातून धावत आले.

आत्याबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "वरडू नगं. त्यो दाजी हाय. ठेव त्याला तितंच."

दाजी म्हणजे रंगनाथ गाडीवानाचं मुंगूस. दिवसभर तो त्या पागोट्यात झोपे. दिसेल ती गोल वस्तू त्याला अंडं वाटे. भिंतीकडे पाठ करायची, वस्तू पुढच्या पायात धरायची आणि मागच्या दोन पायांमधून भिंतीवर हाणायची. कांदे, लिंबं, सुपाऱ्या, एकदा माझी कुंकवाची डबी. फुटलं नाही की तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच त्याला फसवलं.

गोजरबाईंची साळुंकी होती, भागी. ती नकला करायची. आत्याबाईंचा खोकला, गाडीच्या आसाची करकर, विहिरीवरच्या रहाटाचा आवाज, सगळं हुबेहूब. आणि एक कासव होतं, ते कुणा एकाचं नव्हतं, वाडीच्या विहिरीचं होतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून कधीतरी कुणीतरी सोडलेलं. त्याला पाटील म्हणत, कारण कितीही हाका मारल्या तरी तो त्याच्या वेळेलाच वर येई.

आणि मग ठुमकी आली. तिची ही गोष्ट.

साळूबाई नात्यानं माझ्या चुलत जाऊबाई. छगनरावांची बायको. त्या साली त्या माघातच फडावरून परत आल्या होत्या, कारण तिसऱ्यांदा त्यांचं पोट पडलं होतं. तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात. घरी एकट्याच असायच्या, फारशा बोलत नसत. फाल्गुनात एक दिवस हरभऱ्याच्या रानातून येताना त्यांच्या ओटीत एक भला मोठा पक्षी होता. राखाडी अंग, काळी मान, कानांमागे पांढऱ्या पिसांचे झुपके, डोळे लाल गुंजेसारखे. करकोची होती. करकोचे थंडीत आमच्या बाजूला यायचे आणि होळीच्या सुमाराला निघून जायचे. हिचा पंख मोडला होता म्हणून ही मागे राहिली.

साळूबाईंनी कळकाच्या कांब्या लावून, हळद भरून पंख बांधला. महिन्याभरात हाड सांधलं. पंख थोडा खाली लोंबायचा तेवढंच. आणि ती नाचायची! दळायला बसलं आणि जातं घरघरायला लागलं की ही अंगणात उड्या मारायची, मान खाली घालायची, पंख पसरायची, एखादी काडी चोचीनं वर उडवायची आणि झेलायची. जातं थांबलं की थांबायची आणि दारात येऊन मान वाकडी करून बघायची, का थांबलात म्हणून. साळूबाईंनी तिचं नाव ठेवलं ठुमकी. लग्न होऊन आल्यावर साळूबाईंना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, ते तिच्यामुळे.

ज्येष्ठात साळूबाईंना पुन्हा दिवस राहिले. श्रावणात त्यांनी ते आत्याबाईंच्या कानावर घातलं. मी तिथंच निवडत बसले होते.

"काकी, ही आली आन हे ऱ्हायलं. ही हाय तवर हे बी ऱ्हाईल बघा. माझं मन सांगतं."

आत्याबाई नुसतं "हं" म्हणाल्या.

त्या साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. दिवाळी आली तेव्हा विहिरीत कमरेइतकं पाणी होतं आणि रानात काहीच नव्हतं. सगळी वाडी उसाला निघाली. साळूबाईंना पाचवा महिना. पण फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला कुणी घेत नाही. त्या निघाल्या.

निघायच्या दिवशी त्या ठुमकीला घेऊन आल्या आणि तिला आत्याबाईंच्या नाही, माझ्या पुढ्यात सोडलं, कारण तिची सगळी चाकरी मीच करणार होते. पावसाळ्यात ठुमकीची जुनी पिसं गळून नवी आली होती. साळूबाईंनी तिचा पंख उघडून मला दाखवला.

"ह्यी बघ, अजून कवळी हायती. आत रगत हाय. आत्ता कापली तर रगत यील. संक्रातीपत्तुर पक्की व्हतील, मग काप. हितनं, बोटभर ठेवून. न्हाई कापली तर तिची मानसं आल्यावर ही जाईल. चांगुणे, हिला जाऊ द्यायची न्हाई. कळलं का?"

मी म्हणाले, "कळलं, जाऊबाई."

"माझ्या गळ्याची आन घे."

मी घेतली. त्यांच्या पोटाकडे बघत घेतली.

तो हिवाळा मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. आमचे मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी आणि आत्याबाई ओढ्यात झिरा उकरून, वाटी वाटी पाणी भरून घागर आणायचो. घरात मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. फौजदारानं मिलो खाल्ला. दाजीनं वास घेतला आणि पाठ फिरवली. भागीनं एक दाणा चोचीत घेतला आणि आत्याबाईंच्या अंगावर थुंकल्यासारखा टाकला.

"बघा, बघा! गोजरबाईची नवाबीन!" आत्याबाई म्हणाल्या. "आगं, सरकारनं बोटीनं आनलाय त्यो!"

भागीनं आत्याबाईंसारखं खोकून दाखवलं.

मार्गशीर्षात विहीर आटली. आमचे मालक खाली उतरले आणि पाटलाला पाटीत घालून वर घेऊन आले. आम्ही त्याला गूळ करायच्या जुन्या काहिलीत वीतभर पाण्यात ठेवलं. तेव्हा कळलं तो केवढा होता ते. विहिरीच्या काठावरून तो तव्याएवढा दिसायचा, जवळून परातीएवढा निघाला. आता रहाट फिरत नव्हता, पण भागीला तो आवाज येत होता. दुपारी सगळीकडे शांत झालं की ती घरामागच्या पिंपरणीच्या झाडावर बसून रहाटाची करकर काढायची आणि वाडीत राहिलेल्या म्हाताऱ्या हंडे घेऊन धावत सुटायच्या. पाणी आलं म्हणून. विहिरीपाशी जाऊन भागीला शिव्या देत परत यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायच्या.

पाण्याच्या बाबतीत आत्याबाईंचा नेम कडक होता. घागर आली की आधी जनावरं, मग माणसं.

एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या घशाला कोरड पडलीय."

"तुला तोंड हाय, तू मागशील. त्येंचा धनी हितं न्हाई."

संक्रांत झाली. आत्याबाईंनी लोकर कातरायची मोठी कातर माझ्या हातात दिली.

"जा, ठुमकीची पिसं काप. आज वार बरा हाय."

मी तिला घराच्या मागं नेलं. मांडीत धरली. ती धडपडली नाही, मला ओळखत होती. मी पंख उघडला. नवी पिसं आता पक्की झाली होती, राखाडी, टोकाला काळी, एकावर एक अशी बसलेली की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. मी कातर लावली. आणि माझा हात काही मिटेना. का ते सांगता येत नाही. दया म्हणावी तर मी कोंबड्या कापलेल्या होत्या. मला आठवतं ते एवढंच की पंख उघडला तसा त्यात वारा शिरला, आणि माझ्या हाताला तो वर ओढल्यासारखा वाटला.

आत्याबाई आत बसल्या होत्या, त्यांना ऐकू जात होतं. मी कातर हवेत चालवली. करकच. करकच. पाच वेळा. पावसाळ्यात गळलेली पिसं मी एका मडक्यात जपून ठेवली होती. त्यातली पाच काढली आणि आत नेऊन दाखवली.

आत्याबाईंनी ती हातात घेतली. एकेक उलटी करून बघितली. देवळीत ठेवली.

"झालं?"

"झालं."

"बरं."

मग रोज रात्री अंथरुणावर पडले की मला साळूबाईंचं पोट दिसे. उद्या नक्की कापू, असं म्हणे. सकाळी जातं घरघरायला लागलं की ठुमकी नाचे, आणि तो दिवस तसाच जाई.

होळीच्या आधी दोन दिवस, उन्हं वर आली असताना, आभाळातून आवाज आला. एक नव्हे, शे-दोनशे गळ्यांचा. करकोचे चालले होते, खूप उंचावरून, वाकड्यातिकड्या माळेसारखे. ठुमकी काहिलीपाशी पाणी पीत होती. तिनं मान वर केली. एक हाक दिली. वरून उत्तर आलं. ती अंगणातून खळ्याकडे पळत सुटली. फौजदाराला वाटलं ती खेळतेय, तो तिच्या मागं पळाला. खळ्याच्या टोकाला फौजदार थांबला आणि ती थांबली नाही.

तो मोडका पंख एकदा, दोनदा खाली गेला. वाटलं पडणार. पडली नाही. वाडीवर एक फेरा मारला आणि वर गेली.

मी हातात शेणाची पाटी घेऊन उभी होते. आत्याबाई दारात आल्या.

"गेली?"

"गेली."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग म्हणाल्या, "मेंढ्याला पानी दाव. पळून धापलाय."

मी पाटी टाकून त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. "आत्याबाई, मी पिसं—"

"उठ. आता पिसांचं ऱ्हाऊ दे. साळूला नववा लागला आसंल. बाळंत व्हईस्तवर तिला ह्ये कळता कामा नये. तिला ते खरं वाटतं ना? मग तिच्यापुरतं ते खरंच हाय."

पण रंगपंचमीला मढीची जत्रा. कानिफनाथाला आमच्याकडची माणसं फडावरूनसुद्धा येतात. आदल्या दिवशी दुपारी फाटकाशी फौजदाराची आणि कुणाची तरी झटापट ऐकू आली. बघितलं तर छगनराव.

"काकी! ह्याला धरा! मी छगन हाय, छगन!"

"टोपी काढ, मेल्या! दर साली सांगायचं का तुला?"

छगनराव टोपी खिशात कोंबून आत आले. पाणी प्यायले. बसले. आणि पहिलाच प्रश्न, "ठुमकी कुटं हाय?"

आत्याबाई सुपातले मिलोचे खडे वेचत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "असंल की. चराय गेली असंल माळाकडं."

"बघूनच जातो. साळूनं आन घातलीया. डोळ्यानं बघून या म्हनाली. तिला झोप न्हाई हो काकी. रातीची उटून बसती. पोट धरून बसती नुसती."

"आरं, माळावर कुटं हिंडतोस उन्हाचा?"

"हिंडतो की. त्याला काय."

ते उठले. टोपी खिशातून काढली, फौजदाराकडे बघितलं, परत ठेवली. मी मनात कानिफनाथाला मलिदा बोलले. आणि तेवढ्यात घराच्या मागून, पिंपरणीच्या बाजूनं, हाक आली. ठुमकीची. घशातून गुरगुरत निघणारी, शेवटी उंच जाणारी. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

छगनरावांचं तोंड उजळलं. "हाय की हितंच! आयकली! माझी वळख लागली बघा तिला!"

मागे जाऊन बघतात की काय, म्हणून मी दाराशी आडवी झाले. पण आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "जाऊ नगंस मागं. त्या मुंगसानं हैरान केलीया तिला, बुजती सारखी. आयकलंस ना? सांग जा साळूला."

"सांगतो. आनि एक पीस द्या तिचं. साळूनं मागितलंय. उशाखाली ठेवायला."

आत्याबाईंनी देवळीतल्या पाचांतलं एक पीस काढून दिलं. छगनरावांनी ते फडक्यात गुंडाळून टोपीच्या आत ठेवलं आणि टोपी फाटकाबाहेर गेल्यावर घातली.

ते गेल्यावर भागी उडत येऊन कौलांवर बसली. आत्याबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "खाल्ल्या मिठाला जागलीस गं बाई." मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पाडव्यानंतर गाडीवाल्याकडून निरोप आला. साळूबाई बाळंत झाल्या, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आत्याबाईंनी निरोप आणणाऱ्याला गूळ दिला. घरात होता तेवढा सगळा.

अखितीला गाड्या परतल्या. अंगण भरलं. आत्याबाईंनी ज्याचं त्याला दिलं. गोजरबाईंना भागी दिली. रंगनाथांना दाजी दिला. तो नेताना पागोट्याचा सोगाच घेऊन निघाला, तो सोडवावा लागला. "घे तुझं. बघून घे. मागनं बोलू नगं." सगळ्यात शेवटी साळूबाई आल्या. काळ्या पडल्या होत्या, वाळल्या होत्या. खांद्यावर लुगड्याच्या झोळीत पोर. त्यांनी अंगणात इकडेतिकडे बघितलंच नाही. थेट ओट्याशी आल्या.

आत्याबाई उभ्या राहिल्या. "साळू, तुझं माझ्याकडं न्हाई. होळीच्या आदी गेली. छगनाला मी खोटं सांगितलं."

साळूबाईंनी कमरेचं फडकं सोडलं आणि पीस काढून ओट्यावर ठेवलं.

"मला ठावं हाय. काकी, पिसाचं बूड बघा. हे कापल्यालं न्हाई, गळल्यालं हाय. कापल्यालं पीस बुडाला नळीवानी पोकळ असतं. हातात आलं तवाच मला कळलं, हिची पिसं कुनी कापली न्हाईत. वरनं करकोचं गेल्यालं मी बघितलं हुतं. लई रडले. त्या दिसापास्नं रडतच हुते. रडता रडता एक दिस दुखाय लागलं. मला वाटलं, झालं. चौथं बी गेलं."

झोळीतलं पोर हललं.

मी पुढे झाले. "जाऊबाई, आत्याबाईंचा दोष न्हाई. मी कापली न्हाईत. मी कापली म्हनून खोटं सांगितलं. आन मोडली मी."

साळूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पीस तिथंच ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी मी आत्याबाईंना विचारलं, "तुमाला पन बूड बघून कळलं हुतं ना? संक्रातीला?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईत?"

"कापायची असती तर मी कापली नसती? माझं हात मोडलं हुतं व्हय? मला बी हुईना, म्हनून तुला सांगितलं." एवढं बोलून त्या भाकरी थापायला लागल्या. छगनरावांना ते पीस देताना बुडाचं त्यांच्या ध्यानात होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

साळूबाई माझ्याशी दीड वर्ष बोलल्या नाहीत. त्र्याहत्तरला पाऊस झाला, विहीर भरली, पाटलाला आम्ही वाजतगाजत परत सोडलं. विहिरीवर मी रहाट ओढायला लागले की त्या हंडा घेऊन बाजूला उभ्या राहायच्या, माझं झाल्याशिवाय पुढे यायच्या नाहीत. त्र्याहत्तरच्या दिवाळीला त्या पोरीला झोळीत घालून फडावर गेल्या. ठेवायला काही आणलं नाही. आणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

चौऱ्याहत्तरची दिवाळी झाली. पुन्हा गाड्या जुंपल्या. सकाळपासून माणसं आपापली जनावरं घेऊन येत होती. त्या साली कुणीतरी एक आंधळा बोका आणला होता, आणि फौजदार त्याला टोपीवाला समजून तपासत होता. शेवटी साळूबाई आल्या. कडेवर पोर, दीड वर्षाची. आत्याबाईंनी सवयीनं हात पुढे केले. साळूबाई त्यांच्यापुढून गेल्या आणि माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ही घे. झुंबर नाव हिचं. भाकर दुधात कुसकरून लागती. आता पाय फुटल्यात, चुलीत ईस्तू दिसला की तिकडंच पळती. फडावर कोपीत हिला न्हेता येत न्हाई."

"जाऊबाई, माझ्याकडं? माझ्याकडनं तर तुमची—"

"व्हय. तुझ्याकडनं गेली," साळूबाई म्हणाल्या. "उडून गेली. मेली न्हाई. माझी तिन्ही मेली हुती."

त्यांनी पोर माझ्या कडेवर दिली. पोरीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

"नाचता येत न्हाई हिला," जाता जाता साळूबाई म्हणाल्या. "रडता मातुर लई येतं."

भागीनं ते रडणं दोन दिवसांत उचललं. मग सहा महिने आमच्या घरात दोन पोरं रडत होती. एक झोपली की दुसरी सुरू व्हायची, आणि आत्याबाई पिंपरणीकडे बघून म्हणायच्या, "तू तरी गप, तुला काय धाड भरलीया?"

अखितीला साळूबाई आल्या. आत्याबाईंनी मला पुढे ढकललं. मी झुंबरला त्यांच्यापुढे उभी केली आणि म्हणाले, "घ्या तुमचं. बघून घ्या." साळूबाईंनी तिचे हात बघितले, पाय बघितले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाड झाली." त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

झुंबर पुढे प्रत्येक हिवाळा आमच्याकडे राहिली. आमच्या घरून शाळेत गेली, सातवी झाली, दहावी झाली, मास्तरीण झाली. मला अक्षरं तिनंच शिकवली, माझी पन्नाशी उलटल्यावर. आता ती नगरला सावेडीत असते. करकोचे आमच्याकडे अजून येतात, पूर्वीइतके नाही.

फौजदार शहाहत्तरच्या श्रावणात मेला. दाजी त्याच्या आधीच कधीतरी गेला, तो परत दिसला नाही. भागी रंगनाथांच्या मांजरानं खाल्ली. पाटील अजून विहिरीत आहे, असं लोक म्हणतात, मी काही इतक्यात बघितला नाही. माझ्या सासूबाई मुक्ताबाई अठ्ठ्याहत्तर सालच्या फाल्गुनात, होळीच्या आधी चार दिवस वारल्या. साळूबाई दोन हजार अकरा साली, मार्गशीर्षात, झुंबरच्या घरी वारल्या.